दाखल्यावरची आई

नीरजा मला आधी आवडायची नाही, हे सांगूनच टाकते. ग्वाल्हेरहून लग्न होऊन बनारसला आमच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत आली, तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची असेल. मी शिवणकाम करते, गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ. ही पहिला ब्लाउज घ्यायला आली, घालून बघितला. दंडाला काचत होता, मला लांबून दिसत होतं. म्हटलं, "घट्ट झालाय का गं?" तर म्हणाली, "चालेल." म्हटलं, उसवून देते, त्यात काय एवढं? "नको काकू, चालेल." मला अशा माणसांचा भारी राग येतो. अगं बाई, काचतंय तर काचतंय म्हण! तोंड देवानं कशाला दिलंय?

पण ती तशीच. भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली, चालेल. नवरा वेणीमाधव, विद्यापीठाच्या कचेरीत कारकून, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर नाव भाड्यानं घेऊन गंगेच्या पलीकडे बाटी-चोख्याची सहल करायला जायचा आणि ही घरात एकटी, तेही चालेल. सासू नव्हती. सासरे बिंदुमाधवशास्त्री, त्यांना सगळी गल्ली बुवा म्हणते. वेदपाठी माणूस, सत्तरी ओलांडलेली, पहाटेपासून दहा-बारा विद्यार्थी त्यांच्यासमोर बसून संथा म्हणायचे. त्या सगळ्या आवाजात नीरजाचा आवाज कधी कोणाला ऐकू आल्याचं मला आठवत नाही.

मग तिची दोन मुलं गेली. पहिलं सहाव्या दिवशी, दुसरं नवव्या. दोघांचं सारखंच. दूध पाजलं की हिरवी उलटी, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. पहिल्याला घुटी-काढे दिले, दुसऱ्याला घेऊन अस्पतालकडे धावले, पण रिक्षा मैदागिन चौकाच्या गर्दीत अडकली आणि तिथेच सगळं संपलं. बारसं बाराव्या दिवशी, म्हणून दोघांनाही नाव नाही. नाव नाही म्हटल्यावर घरात पुन्हा कोणी विषयही काढला नाही. जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी तिच्याजवळ जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला, तर ती वाळलेले कपडे घडी करत राहिली. तेव्हापासून माझा राग गेला. राग गेला म्हणजे काय, जीव जडला म्हणा.

पंच्याण्णव साली तिला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा एका सकाळी बुवा स्वतः माझ्या दारात आले. शिंपणीच्या दारात बुवा! माझ्या हातातली कात्री खालीच पडली. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बकुळ, तुझी चारही मुलं हयात आहेत. नीरजेचं मूल तू घे."

तुम्हाला ही चाल ठाऊक नसेल तर सांगते. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिनं जन्मलेलं मूल सुपात घालून दाराबाहेर ठेवायचं. जिची मुलं जगली आहेत अशा बाईनं येऊन विचारायचं, काही टाकायचं आहे का? आतून म्हणायचं, आहे, घेऊन जा. तिनं मूठभर कोंडा देऊन ते उचलायचं. मग मूल तिचं झालं. वाढायचं आपल्या आईजवळच, पण आईनं मुंजीपर्यंत त्याला चुकूनसुद्धा माझं म्हणायचं नाही. काळानं येऊन विचारलं, तर या घरात मूलच नाही. मी म्हटलं, बुवा, माझं काय जातंय, आणा. मी हसत हसत म्हटलं होतं.

होळी होऊन दोनच दिवस झाले होते. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते आणि नीरजाला घरीच कळा सुरू झाल्या. गल्लीतली नर्स वेळेवर पोचली. मुलगा झाला. मी सूप उचललं, कोंडा दिला, पोर पदरात घेतलं आणि त्यानं माझं बोट धरलं ते सोडेचना. मला चार मुलं झालीत, मला काही नवं नव्हतं. पण काय सांगू, छातीत लक्कन हललं.

बुवांनी हे सगळं किती मनावर घेतलं होतं ऐका. त्यांनी त्यांच्या घरी सोयर पाळलं नाही! मूल परक्याचं, आपल्याला कसलं सोयर? दुसऱ्या दिवशी त्यांची पूजा नेहमीसारखी. आणि मला निरोप, तू दहा दिवस देवाला शिवू नकोस. आमचे हे, ढुंढिराज, पोस्टातून दमून आले तर संकठादेवीला जायचीही बंदी. म्हणाले, "बाळंतपण समोरच्या घरी आणि सोयर मला? हा कुठला न्याय?"

पण हसणं तेवढ्यापुरतंच. संध्याकाळी पोरानं हिरवी उलटी केली. नीरजानं ती उलटी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी कोणी काढा काढला नाही. वेणीमाधवानं पोर टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही थेट विद्यापीठाच्या अस्पतालात.

तिथे मुलांचे सर्जन मिश्राजी. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. चार तास. बाहेर येऊन त्यांनी टोपी काढली आणि समजेल असं सांगितलं. पोराचं आतडं पोटातच नीट घडलं नव्हतं. जागोजागी बंद, मधला मोठा भाग काळा पडलेला. तो काढावा लागला. उरलं ते एक वीतभर. वीतभर आतड्यात दूध पचत नाही, मूल वाढत नाही. म्हणून शिरेतून अन्न द्यायचं, पण तेही फार दिवस देता येत नाही, यकृत खराब होतं, नळीतून जंतू जातात. मग त्यांनी नीरजाला विचारलं, "पहले दो को भी हरी उल्टी होती थी?" तिनं मान हलवली. ते म्हणाले, कधी कधी घराण्यात असतं हे. म्हणजे नशीब नाही, दृष्ट नाही, काही नाही. आतडं. मी बुवांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मिश्राजी म्हणाले, इंग्लंडात त्यांचे एक जुने गुरू आहेत, अशा मुलांचं आतडं लांबवायचं ऑपरेशन करतात. आपल्याकडे ते कोणी करत नाही. त्यांनी तिकडे फॅक्स केला. पाच दिवसांनी उत्तर आलं, मूल घेऊन या, खाट राखून ठेवतो, पण तीन एप्रिलच्या आत पोचायला हवं, त्याहून उशीर झाला तर ऑपरेशन करण्यासारखी प्रकृती उरणार नाही. बरोबर आई हवी. खर्चाचं तिथल्या एका धर्मादाय संस्थेनं अंगावर घेतलं, त्यात मी शिरत नाही. आम्हाला करायचं होतं ते एवढंच. पोराच्या जन्माचा दाखला, मायलेकांचा पासपोर्ट आणि व्हिसा. हातात तीन आठवडे.

आता बुवांचं ऐका. एवढ्या धावपळीत त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. मंत्र म्हणण्यापलीकडे हातात काही नाही, हे त्या माणसाला डाचत असणार. म्हणाले, "दाखला मी आणतो." कचेरीत गेले, रांगेत उभे राहिले, ऊन डोक्यावर घेतलं आणि दाखला घेऊन आले. घडी घालून वेणीमाधवाच्या हातात दिला. वेणीमाधवानं तो फाइलीत ठेवला आणि लखनौची गाडी पकडली. पासपोर्टची कचेरी लखनौला. घडी कोणी उघडली नाही. माझ्या हातात आला असता तर मी तरी उघडला असता का, कोण जाणे.

तो लखनौहून परत आला तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर होते. पाडवा दोन दिवसांवर आला होता. वेणीमाधव चपलांसकट ओसरीवर चढला. त्यानं दाखला बुवांसमोर ठेवला.

"बाबा, आईचं नाव काय सांगितलंत?"

"बकुळ."

"आणि वडलांचं?"

"ढुंढिराज." असं म्हणाले, जणू कोणी आजची तिथी विचारलीय.

आमचे हे तेवढ्यात समोर आमच्या घरातून तांब्या घेऊन बाहेर आले होते, ते दारातच थबकले. "मी?" एवढंच म्हणाले.

अस्पतालच्या कागदांवर आई नीरजा, दाखल्यावर आई बकुळ. लखनौच्या बाबूनं विचारलं, भाई, बच्चा किसका है? आणि फाइल परत केली. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, दाखला दुरुस्त होईल, पण ज्यानं नोंद केली त्यानं मॅजिस्ट्रेटसमोर शपथपत्र द्यायला हवं की मी चुकीची माहिती दिली, मुलाची आई नीरजाच आहे, बकुळचा त्या मुलाशी संबंध नाही. बुवांची सही झाली की दोन-तीन दिवसांत काम होईल.

बुवा म्हणाले, "मी सही करणार नाही."

वेणीमाधव ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडला. बुवा शांत. म्हणाले, "जे झालं ते मी सांगितलं. मूल दिलं. दिलं म्हणजे दिलं. आज मी म्हटलं की दिलं नव्हतं, तर ते पुन्हा या घराचं झालं. या घरात दोन गेलीत." शेवटचे शब्द बोलताना त्यांचा आवाज कापला. तेव्हा मला कळलं, हा हट्ट नाही. म्हातारा भेदरलाय. पण कळून काय उपयोग? तिकडे एकेक दिवस जात होता.

मी रोज अस्पतालात जायची. काचेच्या खोलीत पोर निजलेलं, डोक्याच्या शिरेत सुई, मुठीएवढं तोंड. नर्सनं हाक मारली, "नीरजा के बच्चे के साथ कौन?" की नीरजा एक पाऊल मागे जायची. "काकू, तुम्ही जा." आणि मी जायची. मी त्याला पुसायची, मी अंगाखालचं फडकं बदलायची, आणि त्याची खरी आई काचेबाहेर उभी. तिचं दूध उतू जायचं. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन पिळून टाकायची, पाणी सोडायची, पदर सारखा करून परत यायची. मला सहन व्हायचं नाही. एकदा म्हटलं, "अगं, हात तरी लाव!" तर म्हणाली, "नको. चालेल मला."

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायलाही लागलं होतं. काचेच्या आत जाणारी मी. बोट धरायला मी. घरी येऊन शिलाईवर बसले तरी पायाखाली मशीन चालायची आणि मनात तो. देवा, मला क्षमा कर, एकदा असंही मनात आलं की दाखला बरोबरच आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मिश्राजींनी बोलावलं. पोराच्या डोळ्यांत पिवळेपणा आला होता. यकृत. म्हणाले, आता दिवस मोजून आहेत, लवकर करा. त्या रात्री माझा डोळा लागला नाही, सकाळी गुढ्या उभारायची गडबड सगळीकडे आणि मी तशीच, विंचरल्यावाचून, बुवांच्या समोर जाऊन उभी राहिले. विद्यार्थी बसले होते. म्हटलं, "पोरांनो, उठा, बाहेर जा." कोणी मला असं बोलायला सांगितलं होतं? पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"बुवा," म्हटलं, "मूल मला दिलंत ना?"

"दिलं."

"खरोखर दिलंत? का नुसतं दिल्यासारखं केलंत?"

"खरोखर. देवाच्या साक्षीनं."

"मग त्याची आई मी. मुलाचं बरंवाईट आईनं बघायचं. मी आई आहे तर माझं ऐका. मी सांगते तुम्हाला, त्या कागदावर सही करा. सोयर मी पाळलं, आता हुकूमही माझाच. तुमचा त्या मुलावर काय हक्क? तुम्ही परके!"

बुवा माझ्याकडे बघत राहिले. कोणी त्यांच्याशी असं कधी बोललं नसेल. मग म्हणाले, "आणि खोटं बोलल्याचं पाप?"

"ते माझ्या पदरात घाला. एक पोर घेतलं, त्यात हेही घेते."

ते उठले. उपरणं घेतलं. वेणीमाधव कपडे घालेपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचलेसुद्धा होते. पाडव्याच्या दिवशी कचहरीच्या आवारात, वकिलाच्या डगमगत्या टेबलावर, त्यांनी सही केली. माझंही शपथपत्र होतं. सदर बालकाशी माझा काहीही संबंध नाही. मी शाळा शिकलेली आहे, मला वाचता येतं. दोनदा वाचलं. सही करायला इतका वेळ लावला की वकील म्हणाला, "माताजी, जल्दी कीजिए." त्याच्या डोक्यात वही घालावीशी वाटली मला.

त्या दिवसापासून बुवांनी विद्यार्थी बंद केले. म्हणाले, या जिभेनं आता शिकवता येणार नाही. सकाळी गल्ली इतकी शांत झाली की मला जाग यायची नाही.

दाखला दुरुस्त झाला, लखनौहून पासपोर्ट आला. नीरजाचा फोटो, तिच्या पासपोर्टात पोराची नोंद. उरला व्हिसा. दिल्लीच्या ब्रिटिश वकिलातीतून निरोप आला, दाखला आठवड्यापूर्वीच बदललेला आहे, पहिल्या दाखल्यावर दुसऱ्या बाईचं नाव होतं, तेव्हा दोन्ही बायकांना समक्ष आणा. त्यांचं काय चुकलं? परक्या देशात कोणाचं मूल कोण घेऊन येतंय, हे त्यांनी बघायलाच हवं. शुक्रवारी एकोणतीस मार्चला मुलाखत. पोर मिश्राजींच्या एका तरुण डॉक्टराबरोबर विमानानं रविवारी दिल्लीला यायचं आणि सोमवारी तिकडे. मध्ये शनिवार-रविवार. म्हणजे शुक्रवार हुकला तर सगळंच हुकलं.

दिल्लीच्या गाडीत नीरजा खिडकीशी बसली होती. अलाहाबाद गेलं, कानपूर गेलं. मग अचानक म्हणाली, "काकू, दुसऱ्या वेळी आठव्या दिवशी मी त्याला न्हाऊ घातलं होतं. कोणी नव्हतं घरात. मी त्याला म्हटलं होतं, माझं सोनं. एकदाच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो गेला."

मी म्हटलं, मिश्राजींनी सांगितलं ना, आतडं होतं ते. ती म्हणाली, हो, आतडं. आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. तिला पटलं नव्हतं हे मला दिसत होतं, आणि उद्या तिला तिथे काय विचारणार ते मला ठाऊक होतं.

दिल्लीत एका खोलीत आम्हाला बसवलं. टेबलामागे एक गोरा साहेब, वयस्क, चेहरा वाईट नव्हता. शेजारी दुभाषी बाई, हिंदी बोलणारी. वेणीमाधवाला बाहेर थांबवलं. टेबलावर पोराचा फोटो, नळ्यांसकट.

आधी मला विचारलं. "यह बच्चा आपका है?"

"नहीं."

"तो आपका नाम क्यों था?"

मी सांगितलं. सूप, कोंडा, सगळं. दुभाषी बाई बिचारी सुपाला इंग्रजीत काय म्हणायचं या विचारात पडली, हातानं पाखडून दाखवलं तिनं. साहेब लिहीत होता. त्यानं पुन्हा विचारलं, तुमचा या मुलावर काही हक्क नाही? म्हटलं, नाही. काही हक्क नाही. तोंडानं म्हटलं. आतून काय झालं ते त्याला लिहिता येण्यासारखं नव्हतं.

मग त्यानं फोटो नीरजाकडे सरकवला. "यह बच्चा आपका है?"

नीरजा गप्प.

दुभाषी बाईनं पुन्हा विचारलं. नीरजाचे ओठ हलले, आवाज नाही. तिनं फोटोकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली, जणू बघितल्यानंही त्याला काही होईल. मी म्हटलं, "अहो, हिचाच आहे तो..." तर बाईनं हात वर करून मला गप्प केलं. "आप नहीं. इनको बोलने दीजिए." मी मनात म्हटलं, बोल गं, बोल. एक शब्द. एवढी वर्षं चालेल चालेल म्हणत आलीस, आज नको चालवून घेऊस!

"बहनजी, हाँ या ना. बस इतना."

ती गप्पच. साहेबानं बाईशी काहीतरी बोलून पेनाचं टोपण लावलं. बाई म्हणाली, बनारसला चौकशी करायला लागेल, पुढच्या आठवड्याच्या अखेरीस कळवू. पुढच्या आठवड्याच्या अखेरीस! माझ्या डोळ्यांपुढे ते पिवळे डोळे आले. साहेबानं फाइल मिटली.

नीरजानं त्या फाइलीवर हात ठेवला. सरळ पंजा ठेवला. साहेब दचकला.

"मेरा है," ती म्हणाली. आवाज घोगरा, पण खोलीभर ऐकू गेला. "इससे पहले वाले दो भी मेरे थे. छह दिन का एक, नौ दिन का एक. किसी ने उनका नाम नहीं रखा. मैंने भी नहीं कहा कि मेरे हैं. साहब को बताइए, तीनों मेरे हैं. इसको जाने दीजिए."

दुभाषी बाईला लगेच इंग्रजी सुचेना. तिनं डोळे पुसले, मग सांगितलं. साहेबानं नीरजाच्या हाताकडे बघितलं. ब्लाउज ओला झाला होता तिचा, दूध झिरपत होतं, तिचं तिला भान नव्हतं. ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं हळूच तिच्या हाताखालून फाइल ओढून घेतली, उघडली आणि टोपण काढलं.

बाहेर जिन्यात येऊन तिनं कठडा धरला. म्हणाली, "काकू, मी बोलले."

"बोललीस."

"आता त्याला काही झालं तर?"

मला खोटा धीर देता येत नाही. म्हटलं, "झालं तर तुझ्या मांडीवर होईल. काचेबाहेर नाही. यापुढे मागे सरलीस तर थोबाडीत देईन." आणि मग मीच रडायला लागले, भर जिन्यात, मोठ्यानं. तीच मला धरून खाली घेऊन आली.

रविवारी पोर आलं. विमानतळावर डॉक्टरानं ते नळ्या-बाटल्यांसकट नीरजाच्या हातात दिलं. मी हात पुढे केला नाही. करायचा होता, पण नाही केला. सोमवारी ती गेली. ग्वाल्हेर आणि बनारस सोडून कुठे न गेलेली बाई, इंग्रजीचा गंध नाही, पोटाशी पोर, बाजूला सुई धरलेला डॉक्टर. मागे वळूनही बघितलं नाही तिनं.

नंतरचे दोन महिने कसे काढले ते विचारू नका. गल्लीच्या तोंडाशी गोपीनाथचं फोन बूथ आहे. नीरजा दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिथे फोन करायची. वेणीमाधव आणि मी आधीच जाऊन उभे. पहिल्या रविवारी, पोचलो. दुसऱ्या, नळीतून जंतू गेलेत, ताप आहे. तिसऱ्या, अजून ताप. चौथ्या रविवारी फोनच आला नाही, आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे उभे, गोपीनाथनं कोणाला बूथात शिरू दिलं नाही. सोमवारी कळलं, ऑपरेशन चाललं होतं. मग, झालं, पण आतडं चालत नाही. मग, अजून नाही. मग, बघू म्हणतात. बुवा कधी बूथवर आले नाहीत. आम्ही परतताना ते ओसरीवर बसलेले असायचे. काही विचारायचे नाहीत. मीच चालता चालता सांगायची, "आहे." एवढंच.

जूनच्या पहिल्या रविवारी बुवा बूथवर आले. का आले, त्यांनाच ठाऊक. बूथाबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. वेणीमाधव आधी बोलला, मग त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्याला पुढे बोलता येत नव्हतं.

"काकू," नीरजा म्हणाली, "परवापासून तोंडानं दूध देतोय. माझंच. पाच मिली दिलं, पचलं. मग दहा. उलटी नाही झाली. अजून शिरेतलं चालूच आहे, वर्षं लागतील म्हणतात, पुढचं कोणीच सांगत नाही. पण काकू, आज दूध संपलं आणि बाटली काढली तर..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही, मागे एकदम आरडाओरडा सुरू झाला. असा की मी रिसीव्हर कानापासून लांब केला.

"अगं बाई, काय झालं त्याला?"

"काही नाही झालं. भूक लागलीय. तो कधी भुकेनं रडलाच नव्हता ना."

मी बूथाबाहेर हात काढला आणि रिसीव्हर बुवांच्या कानाला लावला. सोवळ्याओवळ्याचा माणूस, दहा लोकांनी तोंडाशी धरलेलं ते यंत्र. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. डोळे मिटले. विद्यार्थ्याची संथा ऐकताना मिटतात तसे. पोर तिकडे गळा फाडून रडत होतं, बाहेर रांगेतल्या लोकांनाही ऐकू येत होतं. बुवांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहून दाढीत गेलं, त्यांनी पुसलं नाही.

मग साता समुद्रापार ऐकू जावं अशा आवाजात ते ओरडले, "नीरजा, बोलत काय बसलीस? तुझ्या मुलाला भूक लागलीय. आधी त्याला पाज!"

आणि रिसीव्हर त्यांनी खाली ठेवून दिला. अहो, मला अजून कितीतरी विचारायचं होतं.